पेटीतले तास

'प्रायमर' हा २००४ साली प्रदर्शित झालेला अमेरिकी चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो २०११ च्या पावसाळ्यात, शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या घराच्या माडीवर. एका जुन्या विद्यार्थ्याने तो पेनड्राइव्हवर आणून दिला होता. त्या रात्री वीज तीनदा गेली आणि संगणकाची बॅटरी जुनी असल्यामुळे ७७ मिनिटांचा चित्रपट संपायला मध्यरात्र उलटून गेली. शेवटी आपल्याला निम्मेसुद्धा कळले नाही, एवढे मात्र कळले. पुढच्या काही वर्षांत तो मी अनेकदा पाहिला. त्याच्यावर लिहावे असे मनात होते. पण लिहायला बसलो की दर वेळी मध्येच वडिलांची गोष्ट येऊन उभी राहायची. ती समीक्षेत कशी बसवायची हे न उमगून मी कागद बाजूला ठेवायचो. या खेपेस ती वगळायची नाही असे ठरवले आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रूपरेषा सांगणे भाग आहे. लेखक, दिग्दर्शक, संकलक, संगीतकार आणि दोन प्रमुख नटांपैकी एक अशा सगळ्या भूमिका शेन कॅरूथ या एकाच माणसाने पार पाडल्या. तो गणित शिकलेला, अभियंता म्हणून नोकरी केलेला. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. खर्च सुमारे ७,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तीन-सव्वातीन लाख रुपये. सनडान्स महोत्सवात त्या वर्षीचे परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. कथेतले ॲरन आणि एब हे दोघे अभियंते दिवसा नोकरी करतात आणि उरलेल्या वेळी मोटारीच्या गॅरेजमध्ये एका यंत्रावर खटपट करतात. वस्तूचे वजन कमी करणारे काहीतरी त्यांना बनवायचे असते. बनते ते निराळेच. यंत्राच्या आत काळ बाहेरच्यासारखा चालत नाही, हे त्यांना एका बुरशीवरून आणि एका मनगटी घड्याळावरून उमगते. मग ते माणूस आडवा मावेल एवढी पेटी बनवतात आणि सामान ठेवायच्या भाड्याच्या गोदामात नेऊन ठेवतात.

या पेटीचा नियम हा चित्रपटाचा गाभा आहे. सकाळी नऊला पेटी चालू करायची. स्वतः मात्र गावाबाहेरच्या हॉटेलात खोली घेऊन, फोन बंद ठेवून, कुणाच्याही दृष्टीस न पडता दिवस काढायचा. दुपारी तीनला गोदामात येऊन पेटीत शिरायचे आणि अंधारात सहा तास पडून राहायचे. बाहेर आल्यावर सकाळचे नऊ वाजलेले असतात. ज्याला सहा तास मागे जायचे आहे त्याने ते सहाही तास आत मोजून काढायचे. त्यात सूट नाही. असा माणूस २४ तासांच्या दिवसात ३६ तास जगतो, तेवढा म्हाताराही होतो. आणि पेटी ज्या क्षणी चालू झाली त्याच्या अलीकडे येता येते, पलीकडे जाता येत नाही. १८९५ साली एच. जी. वेल्सने कालयंत्राला दांडा दिला, तो ओढला की शतके मागे पडत. कॅरूथने दांडा काढून घेतला आणि तिथे मुकाट पडून राहणे ठेवले.

काळात मागे जाऊन करायचे काय, याची उत्तरे संस्कृतीगणिक निराळी असतात. आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या आणि २०२५ साली आपल्यातून गेलेल्या जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतला इतिहासाचा प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोहोचतो की जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. मराठी वाचकाला काळाची फट सापडली की तो तिच्यातून थेट पानिपतावर उतरतो. कॅरूथचे अभियंते शेअर बाजारात उतरतात. कोणता शेअर चढला हे दिवसभरात पाहायचे आणि सकाळी परत येऊन तो घ्यायचा. मला यातला दुसरा पर्याय अधिक प्रामाणिक वाटतो. माणसाला देशाचा इतिहास बदलायचा असतो असे तो म्हणतो; हाती साधन आले तर तो आधी स्वतःचा कालचा दिवस दुरुस्त करील.

आता खर्चाविषयी. फिल्म महाग, पैसा थोडा. म्हणून या चित्रपटाची बहुतेक दृश्ये मोजक्याच, पुष्कळदा एकाच प्रयत्नात घेतलेली आहेत. प्रत्येक चौकट आधी ठरवलेली, नटांनी संवाद आधीच घोटलेले. आणि चित्रपटाचा विषय काय, तर तोच दिवस पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा घेऊ शकणारी माणसे. ज्या दिग्दर्शकाला रीटेक परवडत नाही तो रीटेकचे व्यसन लागलेल्या माणसांची गोष्ट सांगतो आहे. हा विरोध त्याने जाणून साधला की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. तो चित्रपटाच्या पोतात आहे. पात्रे एकमेकांच्या वाक्यांवर वाक्ये टाकतात, महत्त्वाचा तपशील पाठमोऱ्या माणसाच्या तोंडून निसटून जातो, तो पुन्हा सांगितला जात नाही. प्रेक्षकाला मात्र रीळ मागे नेण्याची मुभा आहे आणि ती वापरल्याशिवाय त्याचा निभाव लागत नाही. म्हणजे पेटी आपल्याही घरात आहे, आणि तिच्यातही जेवढे मागे गेलो तेवढे तास पुन्हा घालवावे लागतातच.

कलेतल्या गरिबीचे कौतुक करण्याची आपल्याकडे एक सवय आहे. कोल्हापुरात तर फारच. कारण बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा हाती नसताना स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, ही कथा इथल्या प्रत्येक भाषणात येते. ती खरी आहे. पण गरिबी म्हणजे गुण नव्हे. क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) हा २८ मिनिटांचा लघुपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे; त्यात एकदाच, झोपेतून जागी होणाऱ्या स्त्रीच्या पापण्या हलतात. तिथे कमतरतेचा आशयाशी संबंध जुळतो, कारण आठवण स्थिर चित्रांचीच असते. 'प्रायमर'मध्येही तो जुळतो, कारण पेटी हीच काटकसरीची वस्तू आहे. जिथे असा संबंध जुळत नाही तिथे कमी खर्चातला चित्रपट हा फक्त कमी खर्चातला चित्रपट असतो. माझ्या वडिलांनी असे पुष्कळ दाखवले.

वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, फिरत्या तंबू सिनेमाचे ऑपरेटर होते. सुगी संपली की जत्रांचे दिवस सुरू होत आणि पावसाची पहिली सर येईपर्यंत तंबू गावोगाव हिंडे. बांबवडे, सरूड, मलकापूर, कधी आंब्याच्या घाटाखाली कोकणाच्या बाजूलाही. प्रोजेक्टर एकच. रीळ संपले की दिवे लागत, लोक बिड्या पेटवत, पोरे पडद्यामागे जाऊन येत आणि तेवढ्यात आबा दुसरे रीळ चढवत. तुटलेली फिल्म खरवडून, डिंकासारखा एक द्रव लावून ते जोडत. प्रत्येक जोडकामात दोन-चार चौकटी कमी होत. एकाच प्रतीचे वर्षानुवर्षे खेळ झाल्यामुळे नायकाच्या हातची तलवार म्यानातून निघण्याआधीच समोरचा माणूस पडलेला दिसे. आबा म्हणत, "मधलं काय व्हायचं ते समद्यांना ठावंच हाय."

त्यांची सर्वांत आवडती गोष्ट भालजी पेंढारकरांच्या 'पावनखिंड' या १९५६ च्या चित्रपटाची. तंबू विशाळगडाच्या वाटेवरच्या एका गावात लागला होता. बाजीप्रभू देशपांडे ज्या खिंडीत १६६० च्या जुलैमध्ये पडले, ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन निघून गेल्या होत्या आणि आबांनी शेवटच्या भागातली दोन रिळे उलटसुलट चढवली. बाजी पडले. तोफांचे आवाज झाले. बायका डोळे पुसू लागल्या. रीळ संपले, दिवे लागले. पुन्हा अंधार झाला तो बाजी दोन्ही हातांत पट्टे घेऊन खिंडीत उभे! आबा सांगत, क्षणभर तंबूत श्वाससुद्धा ऐकू येईना. आणि मग असा काही जल्लोष उठला की कनातीचे दोर तुटायला आले. ते पडल्याचे आधीच पाहिलेले असल्यामुळे त्या रिळातल्या प्रत्येक वाराला लोक जास्तच ओरडत होते. खेळ संपल्यावर एक म्हातारा प्रोजेक्टरपाशी येऊन म्हणाला म्हणे, "असंच लावत जा की रं बाबा. बरं वाटतं."

माझ्या माहितीतला शाहूवाडीतला हा पहिला कालप्रवासाचा चित्रपट. खर्च शून्य.

ही गोष्ट मी आबांच्या तोंडून किमान वीसदा ऐकली असेल आणि ती दोनदा सारखी नव्हती. कधी तंबूत चारशे माणसे असत, कधी हजार. कधी चूक मदतनीस पोराची असे, कधी आबांची स्वतःची; आणि उतारवयात तर ती चूकच नव्हती, त्यांनी मुद्दाम केले होते. कथनातल्या काळाचे विवेचन करताना जेरार जेनेतने १९७२ साली क्रम, अवधी आणि वारंवारिता असे तीन विभाग केले. एकदा घडलेले एकदा सांगणे, अनेकदा घडलेले एकदा सांगणे, एकदा घडलेले अनेकदा सांगणे या वारंवारितेच्या तऱ्हा मी पंचवीस वर्षे पदव्युत्तर वर्गाला शिकवल्या. शिकवताना आबांची गोष्ट तिसऱ्या तऱ्हेचे उदाहरण म्हणून देत असे. 'प्रायमर'ने माझ्या लक्षात आणून दिले की ते उदाहरण चुकीचे होते. जेनेतच्या मांडणीत घटना एकदाच घडून स्थिर राहते, बदलते ते सांगणे. आबांच्या बाबतीत मात्र प्रत्येक सांगण्याबरोबर ती रात्रच नव्याने घडत होती, आणि आधीची रात्र कुठेतरी हॉटेलच्या खोलीत गुपचूप बसून राहत होती.

चित्रपटाच्या उत्तरार्धात एक मेजवानी आहे. ओळखीतल्या एका मुलीच्या मेजवानीत तिचा पूर्वीचा प्रियकर बंदूक घेऊन घुसतो. ॲरनला त्या प्रसंगात शूर ठरायचे आहे. म्हणून तो त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा परततो. त्याच्या कानात एक छोटे यंत्र आहे. दिवसभरातले सगळे संभाषण त्याने आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे आणि ते ऐकत ऐकत तो तेच शब्द, योग्य जागी, योग्य विरामानिशी उच्चारतो. समोरच्याला वाटते, माणूस सहज बोलतो आहे. शेवटी जी मेजवानी 'घडली' म्हणून उरते ती किती तालमींनंतरची आहे हे चित्रपट सांगत नाही. चित्रपटाचा निवेदकही ॲरनच, किंवा त्याची एक आवृत्ती, फोनवरून बोलणारी. आपल्याला ठाऊक झालेले सगळे त्याने सांगितले म्हणून ठाऊक झालेले असते.

हे दृश्य दुसऱ्यांदा पाहताना मी चित्रपट थांबवला आणि खाली अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्याचे कारण असे. २००८ साली एका दिवाळी अंकात मी आबांवर एक लेख लिहिला. तो पुष्कळांना आवडला. त्यात मी आबांच्या अखेरच्या रात्रीचे वर्णन केले आहे: बाहेर कोसळणारा पाऊस, कंदिलाची कमी केलेली वात, माझ्या हातात त्यांचा हात, आणि पहाटे त्यांनी डोळे न उघडता म्हटलेले "रीळ संपलं" हे दोन शब्द. काही वर्षांनी एका विद्यार्थ्याने आत्मपर लेखनावरच्या आपल्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत हा परिच्छेद उद्धृत केला. अनुभवाचा अस्सलपणा भाषेच्या अलंकरणावर कशी मात करतो, याचा नमुना म्हणून. प्रबंधिका माझ्याकडेच तपासायला आली होती. मी त्या पानावर खूण केली नाही आणि त्याला चांगले गुण दिले.

त्या रात्री मी तिथे नव्हतो. आबा काय म्हणाले ते मी ऐकले नाही. "रीळ संपलं" हे माझे वाक्य आहे.

हे मी ठरवून रचले, असे म्हटले तर तेही पूर्ण खरे होणार नाही. पहिल्यांदा कुणीतरी विचारले तेव्हा मी म्हणालो, पुरामुळे रस्ता बंद होता, पोहोचता आले नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हळहळ उमटली. पुढच्या वेळी मी म्हणालो, कसाबसा पोहोचलो. मग, वेळेवर पोहोचलो. मग हात आला, कंदील आला. प्रत्येक खेपेस कानातली ध्वनिफीत अधिक स्पष्ट होत गेली आणि लेख लिहायला बसलो तेव्हा मला फक्त ती उतरवून घ्यायची होती. पेटीतून पुष्कळदा गेल्यावर ॲरन आणि एब यांचे हस्ताक्षर बिघडते. हाताला अक्षर वळवता येत नाही आणि का ते त्यांना कळत नाही. माझ्या बाबतीत नेमके उलटे झाले. त्या लेखाचे हस्तलिखित अजून माझ्याकडे आहे. एवढे सुवाच्य, खाडाखोड नसलेले दुसरे काही मी आयुष्यात लिहिलेले नाही. खरे तर तिथेच मला, निदान मला, संशय यायला हवा होता.

आपल्या समीक्षेने 'अनुभव' या शब्दावर फार भार टाकला आहे. नवसाहित्याच्या काळापासून आपण लेखकाकडे अनुभवाशी इमान मागत आलो. आत्मकथनांच्या बहराच्या काळात ती मागणी नैतिक झाली, आणि तिथे ती रास्तही होती, कारण ज्यांचे जगणे नोंदलेच गेले नव्हते त्यांची ती साक्ष होती. पण माझ्यासारख्या पगारी प्राध्यापकाने लिहिलेल्या व्यक्तिचित्रालाही आपण तोच मान देऊन टाकतो, आणि संहितेच्या पृष्ठभागावरच्या काही खुणा (साधेपणा, तपशील, अपूर्ण वाक्य) पाहून साक्ष पटल्याचे जाहीर करतो. त्या खुणा शिकवता येतात. मीच त्या शिकवत होतो. संहितेबाहेर काही नसते असे मानणाऱ्या वाचकाला कदाचित माझ्या कबुलीने फरक पडणार नाही. त्या परिच्छेदाचे सौष्ठव आहे तसेच राहील. मला फरक पडतो. कारण बाहेर काही होते, आणि ते मोजता येण्याजोगे होते. सुमारे चार तास.

ते जुलै २००५ चे शेवटचे दिवस. मी कोल्हापुरात एका चर्चासत्रासाठी होतो. दुपारी चारच्या सुमारास शेजारच्या काकूंचा फोन आला. "आबांचं काय खरं दिसंना. येतोस न्हवं?" कोल्हापूरपासून आमचे गाव ४५-५० किलोमीटर. पाऊस तीन दिवस थांबलेला नव्हता, पंचगंगा चढत होती, पण रत्नागिरीच्या रस्त्याला एस.टी. चालू होती. माझा निबंध साडेपाचच्या सत्रात होता. विषय होता 'मराठी कादंबरीतील काळाची संकल्पना'. मी काकूंना म्हणालो, "आलोच म्हणून सांगा." आणि सभागृहात परत गेलो. निबंध वाचला, प्रश्नांना उत्तरे दिली. एक प्रश्न चांगला होता, त्याचे उत्तर लांबले. चहा घेतला. आठनंतर स्थानकावर पोहोचलो तेव्हा पाणी रस्त्यावर आले होते आणि त्या बाजूच्या गाड्या बंद झाल्या होत्या. पूर आला होता, हे खरेच आहे. मी लोकांना पहिल्यांदा जे सांगितले ते शब्दशः खरे होते. फक्त त्यात चार ते आठ नव्हते.

'आलोच' हे मराठीतले एक विलक्षण क्रियारूप आहे. अजून उंबरठाही न ओलांडलेला माणूस भूतकाळ वापरून सांगतो की माझे येणे होऊन गेले आहे. 'परवा' हा शब्दही असाच, मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना एकच. संदर्भ नसेल तर तो कोणत्या बाजूचा हे सांगता येत नाही. अशा भाषेत कालप्रवासाला पेटी कशाला, असे मी एकदा वर्गात विनोदाने म्हटले होते. पेटी तास मागते. 'आलोच' काहीच मागत नाही, एवढाच फरक आहे.

मी घरी पोहोचलो ते तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला. चुलत भावाने अग्नी दिला होता. संध्याकाळी काकू ओट्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी त्या रात्रीचे सांगितले. त्यानंतरही त्यांनी ते मला चार-पाचदा सांगितले आहे, आणि त्यांच्या सांगण्यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. कंदील नव्हता, वीज होती. आबा कोणाला ओळखत नव्हते. माझा निरोप काकूंनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितला होता. ऐकू कमी येते म्हणून थोडक्यात, "आला, आला" असा. त्यावर आबांनी दाराकडे मान वळवली आणि म्हणाले,

"भिजला असंल. त्येला आधी जेवाय वाढा."

काकूंनी ताट वाढून ठेवले होते.